गार बॉनेट

कुसगाव
९ नोव्हेंबर २०२५

जय भीम दादा,

व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलंयस, इन्स्टावरून उडवलंयस, आणि फोन लावला की एक बाई तमिळमध्ये काहीतरी सांगून कट करते. पोस्टमनला ब्लॉक करायचं बटन अजून निघालेलं नाही, म्हणून पत्र. होसूरचा पत्ता एप्रिलमधल्या पार्सलवर होता, तू बाबांना शर्ट पाठवलास त्यावर. इंग्लिश मीडियमवाल्यांचं मराठी कसं असतं ते तुला माहितीये, तेव्हा चुका काढत बसू नकोस. बोलते तसं लिहितेय.

मी फक्त गाडीबद्दल लिहिणार आहे. बाकी कशाबद्दल नाही. प्रॉमिस.

तर बातमी अशी की बाबांच्या हॉटेलने स्वतःच्या गाड्या विकून टाकल्या. आता गेस्टला टायगर पॉइंटला जायचं असेल तर अ‍ॅपवरून कॅब. ऑक्टोबरच्या एकतीसला बाबांना बुके आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन मोकळं केलं. अठरा वर्षं त्या हॉटेलची गाडी, त्याआधी स्टँडवर दुसऱ्यांच्या टॅक्स्या. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून ते रिकाम्या खिशाने कधी झोपलेच नव्हते रे. कुठल्या ना कुठल्या गाडीची चावी असायचीच. आता दिवसातून दहा वेळा उजवा हात खिशाकडे जातो. आई विचारते, "काय हरावलं?" ते म्हणतात, "काय न्हाई," आणि हात मागे घेतात.

म्हणून मी ठरवलंय. त्यांच्या नावावर गाडी घ्यायची. सेकंड हँड, पण त्यांची. पांढरी प्लेट, आरसीवर 'भिकाजी'. हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर दोन वर्षं हसून हसून मी पंचाण्णव हजार साठवलेत, हॉटेलने निघताना दिलेल्या पैशातले बाबा एक तीस घालतायत. सव्वादोन लाख. इन्शुरन्स, ट्रान्सफर, सगळं यातच.

आणि तारीख पण ठरलीये. पंचवीस डिसेंबर, देहूरोड. दरवर्षी आई आणि मी शेजाऱ्यांच्या टेम्पोतून विहाराला जातो, आणि दरवर्षी बाबा कुणाच्या तरी पोराला नाताळच्या सुट्टीत उंटावर बसवायला नेतात. लोणावळ्याच्या ड्रायव्हरला पंचवीस डिसेंबरला सुट्टी, असं कधी ऐकलंयस का? बाबासाहेबांनी जिथे मूर्ती बसवली, ती जागा घरापासून पाऊण तासावर, आणि बाबा तिथे त्या तारखेला एकदाही गेलेले नाहीत. पस्तीस वर्षं गेस्टना गेटपाशी सोडून गाडीत बसून राहिलेला माणूस यंदा स्वतःच्या गाडीने जाईल.

हाताशी सहा आठवडे आहेत. एक्सेल तयार आहे. चौदा गाड्या, मॉडेल, वर्ष, रनिंग, मायलेज, स्पेअर पार्ट्सचे भाव. तुला आवडलं असतं.

यशू


कुसगाव
२२ नोव्हेंबर

दादा,

चौदापैकी नऊ गाड्या बाबांनी फोनवरच उडवल्या. मी विचारलं, न बघता कसं काय? म्हणाले, "इकनारा 'एकदम मक्खन' म्हनला की फोन ठेवायचा."

मग वडगावच्या एका डीलरकडे गेलो. विक्की शेठ. हातात चार अंगठ्या, आणि प्रत्येक गाडी 'डॉक्टरची' किंवा 'लेडीज हँड'. आमच्या लिस्टमधली सिल्व्हर हॅचबॅक दाखवली. मला जाम आवडली. अलॉय व्हील्स, टचस्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा. बाबांनी किंमत विचारलीच नाही. म्हणाले, "उद्या सकाळी सातला येतो. तवर चालू करू नका."

"काका, आत्ता मारा ना राउंड! गाडी समोर उभीये!"

"गाडी गार असताना खरं बोलती. तापली की आपल्यासारखीच, कायबी बोलती."

दुसऱ्या दिवशी सात वाजता आम्ही हजर. बाबांनी आल्या आल्या बॉनेटवर तळहात ठेवला. तापात पोराच्या कपाळावर ठेवतात ना, तसा. मग हात उचलून विक्की शेठकडे बघितलं. "ही एवढ्या सकाळी कुटं फिरून आली?"

"कुठे नाही काका, उन्हाने तापली असेल."

दादा, सात वाजता. नोव्हेंबरमध्ये. धुक्यात रस्त्यापलीकडचा पंप दिसत नव्हता.

बाबा बाजूच्या टपरीकडे वळले. जाऊन चहा प्यायले, दोन तास थांबले, परत येऊन स्टार्टर मारला. गार असताना ती पाच वेळा खोकली आणि सायलेन्सरमधून असा निळा धूर काढला की टपरीवाल्याने चहावर झाकण ठेवलं. येताना विक्की शेठच म्हणाला, "काका, तुम्ही माझ्याकडे कामाला या." बाबा म्हणाले, "लय वर्सं दुसऱ्याकडं केलं. आता बास."

हे ते ज्या टोनमध्ये म्हणाले ना, तो मी आधी ऐकलाच नव्हता.

पुढच्या दोन गाड्या कामशेतला बघितल्या. बाबा सोबत गोणपाट नेतात. ते जमिनीवर टाकून गाडीखाली झोपतात, बॅटरी मारून फ्लोअर बघतात, बोटाने ठोकतात. मी आधी इकडेतिकडे बघायचे, कुणी ओळखीचं नाही ना. आता मी पण खाली झोपते. गाडीखालून जग मस्त दिसतं. गंज, ऑइल, आणि मालकाचे अस्वस्थ पाय.

दोन्ही कॅन्सल. एकीचा पुढून अ‍ॅक्सिडेंट झालेला, दुसरीचं रनिंग मागे फिरवलेलं. मीटर अडतीस हजार म्हणत होता आणि ब्रेकचा पेडल गुळगुळीत, लाखभर चालल्यासारखा.

तुझी लाल गाडी आंब्याखालीच आहे. पावसाळ्यात ताडपत्री फाटली होती, मी बदलली. बाबा तुझं नाव काढत नाहीत. फक्त दर रविवारी ताडपत्री उचलून पाच मिनिटं तिचं इंजिन चालू ठेवतात. का, विचारलं तर म्हणतात, "बॅटरी मरती." मग चावी परत बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खिळ्याला. ती ते खिशात ठेवत नाहीत. मी एकदा ठेवा म्हटलं तर म्हणाले, "ती दीपची हाय."

बघ, गाडीबद्दलच लिहिलं की नाही.

यशू


कुसगाव
५ डिसेंबर

दादा,

आज प्रॉमिस मोडतेय.

मंगळवारी कोंडाजी काकांचा फोन आला, तुंगार्लीच्या बंगल्यावर वॉचमन आहेत ते. त्यांचे शेठ मुंबईचे, महिन्यातून एकदा येणारे. बंगल्यावरची गाडी विकायचीये. सहा वर्षं जुनी, सतरा हजार रनिंग, दोन लाख दहा. एक्सेलमध्ये मार्क दिले तर अठ्ठ्याण्णव टक्के. पंचवीस तारीख जवळ आलेली. बाबांना न सांगता मी ड्युटी संपल्यावर एकटीच गेले. कारण मला ठाऊक होतं ते काय म्हणणार. "बंगल्याची गाडी नको, पावसात नुसती उभी ऱ्हाती."

पोर्चबाहेर झाडाखाली उभी होती. अशी चमकत होती, काय सांगू. कोंडाजी काका म्हणाले, "पोरी, दहा हजार टोकन टाक, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय." मी फोन काढला. रक्कम टाकली. पिन टाकायचा राहिला होता, आणि मी सहज मागच्या सीटवर बसून बघितलं.

आत सेंटचा वास होता. आणि सेंटखाली दुसरा वास. कपाटात ओला टॉवेल राहून गेला की येतो तो.

मी विचारलं, "काका, मॅट उचलू?"

"नको गं, नवं टाकलंय, शेठ वरडत्याल."

मी फोन खिशात घातला आणि चालत घरी आले. तुंगार्ली ते कुसगाव, पूर्ण रस्ता. कारण तो वास मला माहिती होता. पावणेचार वर्षांपासून माहितीये.

तू लाल गाडी बघायला मला नेलं होतंस. तुझा दोन वर्षांचा पगार, बाबांच्या वाढदिवसाचं सरप्राइज, म्हणून बाबांना विचारायचं नाही असं आपलं ठरलेलं. तू पुढे बसून मालकाशी बोलत होतास. मी मागे बसले आणि बूट काढून पाय पसरले, सनरूफ बघत. माझे मोजे ओले झाले, दादा. मार्च महिन्यात. मॅटखाली पाणी होतं. मी तेव्हाच सांगितलं असतं तर तू ती गाडी घेतली नसतीस. नाही सांगितलं, कारण मला सनरूफ हवा होता. एवढंच कारण होतं.

मग वाढदिवसाला सगळी आळी जमलेली, लोकांच्या हातात पेढे, आणि बाबा वाकून फ्लोअरला स्क्रू ड्रायव्हर लावतात आणि तो दांड्यापर्यंत आत जातो, पत्रा गंजून सडलेला. "तुला वास आला न्हाई?" असं त्यांनी तुला सगळ्यांसमोर विचारलं. तू म्हणालास, "आयुष्यभर दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या तुम्ही. विकत घेण्यातलं काय कळतंय तुम्हाला?" मी दारात उभी होते. तोंडात पेढा होता. मी गप्प बसले. रात्रीच्या गाडीने तू गेलास, तरी गप्प.

मंगळवारी घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. टोकनचं, आणि मग मोज्यांचं. ते लसूण सोलत होते, आईला मदत म्हणून. हात थांबला नाही.

"मला ठावं व्हतं," म्हणाले.

"काय?"

"उन्हाळ्यात तुजे मोजे दोरीवर वाळत व्हते. तळाला गंजाचा डाग. तवा कळलं न्हाई. स्क्रू ड्रायव्हर आत गेला तवा कळलं."

"मग मला का नाही ओरडलात? सगळं त्याच्यावरच?"

हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली. मग म्हणाले, "दोघांवं वरडलो असतो तर त्या दिवशी घर रिकामं झालं असतं."

आई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "आन् आता लय भरलंय."

तर हे असं आहे. चूक तुझी एकट्याची नव्हती. तुला राग येईल, माझ्यावर. येऊ दे, माझ्या वाट्याचा आहे तो. पण एक सांगू? पिन न टाकता उठले ना तिथून, तेव्हा स्वतःबद्दल मला पहिल्यांदा बरं वाटलं.

बाबा नंतर एवढंच म्हणाले, "वास वळखलास. आता तू बी गाडी बघू शकतीस."

यशोधरा


कुसगाव
१७ डिसेंबर

दादा,

झाली! गाडी झाली!

आधी हे, की परवा व्हॉट्सअ‍ॅपवर तुझा डीपी दिसला. दाढी ठेवलीयेस. म्हणजे ब्लॉक काढलंयस. मी मेसेज करणार नाही, घाबरू नकोस. पत्राची सवय लागलीये मला.

आता ऐक. तळेगावात अनसूया बाई म्हणून आहेत, रिटायर्ड शिक्षिका, गणिताच्या. वॅगन-आर, २०१६, चौसष्ट हजार रनिंग, फर्स्ट ओनर. माझ्या एक्सेलमध्ये ती अकरावी होती. डावीकडे लांबलचक ओरखडा, बंपरला डेंट, टचस्क्रीन कसली, साधा रेडिओ. फोटोत इतकी बिचारी दिसत होती की मी बाबांना दाखवलीच नव्हती. त्यांनीच माझ्या फोनवर बोट फिरवताना बघितली. म्हणाले, "हिला वरून मार बसलाय. वरचा मार दिसतो. ही बघू."

सकाळी सातला पोचलो. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला. ठेवला तो ठेवलाच. माझा हात धरून तिथे लावला. बर्फासारखं गार, वर दव. बाई दारात शाल घेऊन उभ्या. "तुम्हीच म्हणालात ना हात लावू नका. काल दुपारपासून मी भाजीला पण चालत गेले," असं म्हणाल्या, जरा रागानेच.

बाबा गोणपाट टाकून खाली. मी पण खाली. फ्लोअर ठणठणीत, दादा. बोटाने ठोकलं तर घंटेसारखा आवाज. मॅटखाली कोरडी धूळ, एक खडू आणि रबरबँड.

वर येऊन बाबांनी एकच प्रश्न विचारला. "पावसात गाडी कुटं लावता?"

"शेडमध्ये. आणि जून ते सप्टेंबर दर रविवारी मॅट काढून घरात पंख्याखाली टाकते. आमचे हे हसायचे, गाडीच्या गोधड्या वाळत घालतेस म्हणून."

बाबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हीच घ्यायची."

मग भाव. बाई म्हणाल्या दोन चाळीस. बाबा म्हणाले टायर चारी घासलेत, दोन दहा. बाईंनी कागद घेतला आणि टायर, बॅटरी, नऊ वर्षांचा घसारा, सगळं मांडून दोन अठ्ठावीस काढून दाखवले. बाबा म्हणाले, "बाई, तुमचं गनित बराबर हाय. आमचं बजेट बी बराबर हाय." ट्रान्सफर धरून आम्हाला दोन वीसच्या वर जाताच येत नव्हतं, ते मी सरळ सांगून टाकलं. बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "सहा लोक येऊन गेले. सगळ्यांनी स्टीअरिंग बघितलं, म्युझिक बघितलं. मॅट कुणी उचललं नाही. द्या दोन वीस." सर्व्हिसची सगळी बिलं फाइलमध्ये, तारखेप्रमाणे, पंच करून. इतकी सुंदर फाइल आमच्या हॉटेलच्या अकाउंट्समध्ये पण नाही.

फॉर्म भरताना बाईंनी सहज विचारलं, "चालवणार कोण? ड्रायव्हर ठेवणार?"

"मीच," बाबा म्हणाले. "पस्तीस वर्सं तेच काम केलं." मग फॉर्म स्वतःकडे ओढून, "आन् मालक बी मीच."

सही करताना त्यांनी पेन दोनदा झटकला. चालत होता तो, उगाच. 'विकत घेणाऱ्याची सही' अशी रेघ होती. ट्रिप शीटवर आयुष्यभर फर्रकन सही मारणारा माणूस, एकेक अक्षर काढून सही केली त्यांनी.

निघताना बाबांनी दुसरी चावी मागितली. बाई म्हणाल्या, सापडत नाही, नंतर देते. बाबा खुर्चीत बसले. "शोधा. आमी थांबतो. दोन्ही चाव्यांबिगर गाडी हलनार न्हाई." अर्धा तास शोधून साखरेच्या रिकाम्या डब्यात सापडली. मला वाटलं, माझ्यासाठी. मी हात पण पुढे केला. त्यांनी रुमालात गुंडाळून आतल्या खिशात ठेवली.

जाऊ दे. गाडी अंगणात आहे. मी आत्ता उठून दोनदा बघून आले.

यशू


कुसगाव
२६ डिसेंबर

दादा,

काल आम्ही देहूरोडला जाऊन आलो.

सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यात तयार. बाबांनी तुझा शर्ट घातला, एप्रिलवाला. आठ महिने कपाटात टॅगसकट होता. खांद्यात थोडा मोठा होतो, त्यांची तब्येत उतरलीये, पण तू याचं काही वाईट वाटून घेऊ नकोस, आईने बाह्या दुमडून छान केला. खिशाला निळं पेन. आणि उजव्या खिशात चावी.

मी पुढे डावीकडे बसायला गेले, तर बाबांनी चावी काढून माझ्या हातात दिली आणि स्वतः मागचं डावीकडचं दार उघडून आत बसले. गेस्ट बसतात तिथे.

आई म्हणाली, "हे काय आता?"

"जाताना मालक. येताना ड्रायव्हर," म्हणाले. "यशू, चल."

मी चालवली, दादा. जुन्या हायवेने, कामशेतचा घाट उतरून. समोरून नुसती गर्दी, सगळी मुंबई-पुणे लोणावळ्याला वर येत होती, आणि आम्ही उलटे, खाली. निघतानाच स्टँडपाशी अडकलो होतो. बाबांचे मित्र कैलास काका टॅक्सीला टेकून उभे. काचेतून डोकावले आणि ओरडलेच, "आरं भिकाजी! प्याशिंजर झालास व्हय? उतर खाली, टायगर पॉइंटची तीन भाडी उभी हायती!"

बाबांनी काच खाली केली. "आज सुट्टी हाय."

"कुनी दिली रं सुट्टी?"

"मालकानं," बाबा म्हणाले आणि काच वर केली. मी आरशात बघितलं. हसत नव्हते. पण चेहरा असा होता, बघायला हवा होतास तू.

विहारापाशी गर्दी, मैदानात पार्किंग. हजार गाड्यांमध्ये आमची ओरखड्याची वॅगन-आर. बाबा उतरले, दार लावलं, दोन पावलं गेले, परत येऊन हँडल ओढून बघितलं. आणि मग आमच्याबरोबर आत आले. एवढंच सांगायचंय. आमच्याबरोबर आत आले, गाडीत थांबले नाहीत. मूर्तीसमोर आईच्या शेजारी उभे राहून वंदना म्हटली. आई रडली. मी मुळीच नाही. बरं, थोडीशी.

येताना त्यांनी चालवली. वडगावच्या पुढे गेल्यावर म्हणाले, "त्याला लिहितीस ना तू? पोस्टाची पावती फ्रिजवं असती."

मी म्हटलं, हो.

"मग लिही. पेढे लोकांच्या हातात व्हते, तवा मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवाया पायजे व्हता. गाडी कुटं पळून जात नव्हती. दुसऱ्या दिवशी बघता आली असती." मग बराच वेळ गाडी चालवली. तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना म्हणाले, "आन् हे बी लिही. त्याचं बोलनं खरं व्हतं. इकत घेन्यातलं मला काय कळत नव्हतं, कारन कदी घेतलीच नव्हती. आता एक घेतलीय. कळतंय का न्हाई, ते येऊन बघ म्हनाव."

घरी आल्यावर त्यांनी आतल्या खिशातून रुमाल काढला. तो या पाकिटात आहे, म्हणून हे स्पीड पोस्टाने येतंय, आणि म्हणून जड लागतंय. रुमाल उघड. मी विचारलं होतं, ही माझी का नाही? तर म्हणाले, "तुझी-माझी एकच. ही घरातल्या तिसऱ्या ड्रायव्हरची."

खिशात ठेव, दादा. खिळ्याला नको.

आणि येशील तेव्हा फक्त आदल्या दिवशी कळव. संध्याकाळी गाडी अंगणात लावून ठेवू, आणि सकाळी तू येईपर्यंत तिला कुणी हात लावणार नाही. बाबांनीच सांगितलंय. बॉनेट गार असेल. आधी तळहात ठेवून बघ, मगच चालू कर.

यशू